सरळ कापलेली वाळू

थोरलीने उभा जन्म वाकड्या शिवणी शोधण्यात काढला. कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायका ओळीने बसत आणि शेवटच्या टेबलावर तपासणीला ही एकटी. आलेला सदरा उलटायचा, बाही ओढायची, शिवण डोळ्यांजवळ न्यायची, आणि धागा जरा जरी इकडचा तिकडे झाला असेल तर खडूने फुली मारायची. फुली पडलेला सदरा मुकाट्याने परत जाई, उसवला जाई, पुन्हा शिवला जाई. निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने घरी आणून टांगलं, चार पावलं मागे सरकून पाहिलं, आणि तिरकं दिसतंय म्हणून खिळा इतक्यांदा बदलला की शेवटी भिंतीचा पोपडाच खाली आला. कारखाना सुटला, खडू मात्र सुटला नाही. तो तिच्या बारमाही स्वेटरच्या खिशात कायमचा राहायला आला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात होता. त्याच्याकडे जायचं म्हणजे विमान आणि सून, आणि थोरलीला दोन्हींची धास्ती. त्यामुळे नदीकाठची त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि सगळी बिऱ्हाडं आपापल्या सोयीने पांगली, तेव्हा थोरली धाकट्या जावेकडे आली.

"उन्हाळा संपेपर्यंतच गं," बॅग दारात ठेवत ती म्हणाली होती.

"राहा की, ताई. तुमचंच घर आहे," धाकटी म्हणाली होती. हे वाक्य खरं मानायचं नसतं, एवढं दोघींनाही कळत होतं.

भांडण असं कधी झालं नाही. फक्त मिठाचा डबा फिरू लागला. धाकटीच्या स्वयंपाकघरात तो शेगडीच्या उजवीकडे असे. थोरलीचा हात सारी हयात डावीकडे गेलेला, म्हणून ती तो डावीकडे ठेवी. धाकटी तो पुन्हा उजवीकडे नेई. दिवसभरात डब्याच्या जितक्या खेपा होत तितक्या पोस्टमनच्याही होत नसतील. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. दोघींचाही समज असे की दुसरीने मीठ घातलं असेल, नाहीतर दुसरीने घातलं नसेल. त्यामुळे थोरलीचे दीर एक दिवस अळणी जेवत आणि एक दिवस खारट. ते वर्तमानपत्राआडून जेवत आणि तक्रार करत नसत. संसारात टिकून कसं राहावं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थोरलीला आता एकच ध्यास लागला होता. आपलं स्वयंपाकघर हवं, आणि त्यात डावीकडे मिठाचा डबा.

म्हणून ती रोज सकाळचा चहा झाला की छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन बांधकामावर जाऊन बसे. इकडे धाकटी मोकळा श्वास घेई, तिकडे मुकादमाचा श्वास अडके.

"काकू, आज पण?"

"का? आज भिंती आपल्या आपण सरळ होणार आहेत का?"

मुकादम तसा भला माणूस. सुरुवातीला त्याने वाद घालून पाहिला. थोरलीने एका भिंतीवर फुली मारली तेव्हा त्याने ओळंबा आणून लावून दाखवला. भिंत अगदी सरळ निघाली.

"मग तुमचा ओळंबा तपासून घ्या," थोरली म्हणाली.

तेव्हापासून गवंड्यांनी मनाशी ठरवून टाकलं की फुली पडलेलं मोडून पुन्हा करणं हे वाद घालण्यापेक्षा लवकर होतं. बांधकामावर फुलीचा असा दरारा बसला की वाटेत चुकून चुन्याचा डाग पडलेला दिसला तरी मजूर तिथून वळसा घालून जात.

इमारतीला दोन जिने होणार होते, पुढचा आणि मागचा. थोरलीचं घर मागच्या जिन्याला. पण मागच्या जिन्याचा अजून पायाही खणला नव्हता. त्या जागेवर जोत्यात भरायच्या वाळूचा ढीग ओतून ठेवला होता. वाळू बारीक, थोडी मातीमिश्रित, आणि सगळीकडे घरंगळलेली. थोरलीला ते रोज डोळ्यांसमोर बघवेना.

"हा काय पसारा मांडलाय?" एके दिवशी तिने मुकादमाला धरलं.

"वाळू आहे, काकू. घसरणारच."

"घसरते, कारण तुम्ही घसरू देता. ज्याला वाळूचा ढीग नीट ठेवता येत नाही तो माझं स्वयंपाकघर काय बांधणार?"

हे मुकादमाला लागलं. संध्याकाळी त्याने लोडरवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, ढीग नदीच्या बाजूने उभा काप, पाणी मार, फळीने थाप, आणि रोज काम सुटताना ती बाजू पुन्हा साफ कर. लोडरवाला मुळात कलाकार. त्याला आजवर कोणी असं काम सांगितलंच नव्हतं. त्याने ढीग असा कापला की जणू सुरीने केक कापावा. माणसाहून उंच भिंत उभी राहिली, कुठे पोट नाही की खळगा नाही.

सकाळी थोरलीने छत्रीची टेकण घेऊन ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली.

"आता कसं," ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकलेली नव्हती. लोडरवाला दिवसभर गुणगुणत होता.

मग लोडर दुसऱ्या कामावर गेला आणि थोड्याच दिवसांत त्या गुळगुळीत भिंतीत, वरच्या अंगाला, एक भोक दिसलं. थोरलीचा जीव कासावीस झाला. उंदीर असणार म्हणून तिने छत्रीच्या टोकाने भोकाखाली वाळूत मोठी फुली काढली. दुसऱ्या दिवशी फुलीच्या दोन्ही अंगांना आणखी भोकं. तिने प्रत्येकाखाली फुली काढली. तिसऱ्या दिवशी फुल्या कमी आणि भोकं जास्त अशी अवस्था. तिच्या फुलीला न जुमानणारं कोणी तिला आयुष्यात प्रथमच भेटत होतं. कोण आहे ते बघायचंच म्हणून ती खुर्ची ओढून समोर बसली.

एका भोकातून वाळूचा फवारा बाहेर आला. मग दुसरा. मग एक शेपूट, आणि उलट्या पावलांनी, पायांनी वाळू उडवत, एक लहानसं पाखरू. पाठ मातकट, पोट पांढरं, गळ्याखाली मातकट पट्टा, मफलर गुंडाळल्यासारखा. ते भोकाच्या तोंडाशी बसलं, थोरलीकडे बघितलं न बघितलंसं केलं आणि नदीकडे सुटलं.

"अगं बाई," थोरली स्वतःशीच म्हणाली. "पाकोळ्या."

ती लग्न होऊन या काठावर आली तेव्हा इमारतीच्या मागे नदीची कच्ची कड होती, पुराने ढासळून उभी राहिलेली. तिच्यात भोकंच भोकं. सकाळी भांडी घासताना खिडकीतून बघावं तर सारी कड किलबिलत असे. सासूबाई म्हणत, "त्यांच्याकडे बघून भांडी घासलीस तर संध्याकाळ होईल." मग वाऱ्याने वाळू घरात येते, अन्नात कचकच लागते, म्हणून सगळ्या बिऱ्हाडांनी मागणी केली आणि काठाला दगडी बांध आला. छान झाला बांध. अगदी सरळ. थोरली तेव्हा तरुण होती. तिलाही आवडला. पाकोळ्यांना कोणी हाकललं नाही, पण त्यांना निरोपही कोणी दिला नाही. पुढच्या वर्षी भांडी लवकर घासून होऊ लागली, एवढंच.

भोकांतून पिल्लांची चिवचिव ऐकू येऊ लागली, तेव्हा सायकलवरून एक बाई आली. गळ्यात दुर्बीण, पायात गुडघ्याएवढे बूट, डोक्यावरची टोपी उन्हाने विटलेली. पक्ष्यांच्या खात्यातली होती. मजुरांनी दुपारपर्यंत तिचं नाव पाखरंबाई ठेवून टाकलं. तिने ढीग पाहिला आणि सायकल स्टँडवर न लावता तशीच सोडून दिली. सायकल सिमेंटच्या गोण्यांवर पडली.

"कुणी हात लावला नाहीये ना?" ती मुकादमाला म्हणाली. "अहो, या भागात मातकट पाकोळ्या संपल्यात जमा आहेत. त्यांना उभी, ताजी कापलेली कड लागते. उतरत्या ढिगात त्या कधीच घर करत नाहीत, मांजरं चढतात ना. सगळ्या नदीला बांध घातलेत, मग जायचं कुठे त्यांनी? पण ही भिंत... वाळूचा ढीग असा उभा कशाला कापला तुम्ही?"

मुकादमाने हळूहळू मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरली छत्री उघडण्यात गुंतली.

"सवय," मुकादम म्हणाला.

पाखरंबाईने सांगितलं, परवा सकाळी येऊन अंतर मोजते, दोरी बांधते आणि पाटी लावते. पिल्लं उडून जाईपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही. मागच्या जिन्याचं काम थांबवावं लागेल.

ती गेली आणि बातमी सगळ्या बिऱ्हाडांत पोचली. दुसऱ्याच दिवशी बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत सभा भरली. सोसायटीचे अध्यक्ष सगळ्यात तापलेले. त्यांचंही घर मागच्याच जिन्याला, आणि सध्या मुक्काम व्याह्यांकडे.

"मुलीच्या सासरी राहून बघा म्हणजे कळेल," ते म्हणाले. "पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकशेजारी खाट आहे माझी. शिंक आली तरी आधी व्याह्यांचा मूड बघावा लागतो. आणि आता पाखरांना घर हवंय म्हणून मी थांबू?"

"मग करायचं काय?" पुढच्या जिन्यातल्या कोणीतरी विचारलं. पुढच्या जिन्याचं काम सुरूच राहणार असल्याने तिकडची मंडळी नुसती करमणुकीला आली होती.

"आपण काहीच करायचं नाही," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले. "वाळू आहे. घसरली तर घसरली. उद्या पाटी लागायच्या आत घसरली तर कोण काय म्हणणार?"

"आपली आपण नाही घसरत ती आता," मुकादम म्हणाला. "लई... फारच पक्की थापलीय."

"उद्या सकाळी लोडर दुसऱ्या कामावरून परत येतोय ना? वळवताना धक्का लागतो. यंत्राला काय डोळे असतात?"

"मला आहेत," लोडरवाला कोपऱ्यातून म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

"त्याच वेळी ती पाखरंबाई येईल, त्याचं काय?" मुकादमाने विचारलं.

अध्यक्षांनी सभेवर नजर फिरवली आणि ती थोरलीवर आणून थांबवली. "तिला फाटकाशी कोणीतरी बोलण्यात गुंतवायचं. लोडरचं काम होईपर्यंत. आणि बोलण्यात तुमचा हात कोण धरणार, बाई?"

आता, त्या सकाळी एक गोष्ट घडली होती. धाकटीने स्वयंपाकघराच्या फळीवर, शेगडीच्या उजवीकडे, हिरव्या ऑइलपेंटने एक गोल रंगवला होता. मिठाच्या डब्याच्या तळाएवढा. तोंडाने एक शब्द बोलली नव्हती. थोरली चहा घेताना तो ओला गोल बघत बसली होती. तो गोल अजून तिच्या डोळ्यांपुढे होता.

"बोलत ठेवायचं ना?" ती म्हणाली. "ठेवते."

सभा संपल्यावर ती घरी जायला निघाली ती ढिगावरून. संध्याकाळची वेळ होती. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पिल्लांची डोकी दाटीवाटीने बाहेर आलेली, पांढऱ्या हनुवट्या एकाशेजारी एक, खिडकीत बसून बाप कामावरून येण्याची वाट बघावी तशा. नदीवरून थवा आला आणि सगळे आपापल्या भोकाशी गेले. एवढ्या भोकांतून एकजणही आपलं घर चुकला नाही. थोरली थोडा वेळ उभी राहिली. मग "मला काय करायचंय," असं म्हणून घरी गेली आणि मीठ न घालता भाजी केली. मीठ धाकटीने घातलं असेल असं तिला वाटलं. धाकटीनेही घातलं नाही.

सकाळी ती थर्मास आणि दोन कप घेऊन फाटकाशी बसली. पाखरंबाई खांबांचा भारा सायकलला बांधून आली.

"या, बसा. चहा घ्या आधी."

"काम आटोपून घेते, काकू."

"काम कुठे पळतंय? बसा. कपडे कुठे शिवता तुम्ही? ही बाही खांद्यात वाकडी बसलीय." थोरलीला विषय शोधावा लागला नाही.

पाखरंबाईने बाही पाहिली, हसली आणि बसली. रस्त्याच्या टोकाला लोडरचा घरघराट ऐकू येऊ लागला.

"काकू, एक विचारू?" ती कप घेत म्हणाली. "तुम्ही रोज इथे असता म्हणे. ही भिंत खरं कोणी कापली? मी नदीकाठी अशा कृत्रिम भिंती किती बांधून घेतल्या. माणसं लावली, नळ्या पुरल्या, मोठमोठे लोक येऊन मार्गदर्शन करून गेले. एक पाकोळी फिरकली नाही. आणि इथे बघा. इतकी सरळ भिंत मी जन्मात पाहिली नाही. एवढी नीट, की मला हेवा वाटला."

थोरलीचा कप ओठांशी जाता जाता थांबला. इतकी वर्षं तिने जगाला सरळ केलं. कोणी तिला घाबरलं, कोणी टाळलं, कोणी घड्याळ दिलं. पण सरळपणाचा कोणाला हेवा वाटल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

"मी कापून घेतली," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"म्हणजे हात लोडरवाल्याचा. पण नजर माझी. ओलावा टिकवावा लागतो. खालून वर थापायचं, वरून खाली नाही. मुकादम म्हणत होता वाळू घसरतेच. मी म्हटलं..."

लोडर फाटकातून आत शिरला. लोडरवाल्याने तिच्याकडे पाहिलंच नाही, तो समोर आपल्या हातच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा झाला होता.

"तुम्ही चहा घ्या," थोरली म्हणाली. "मी आलेच."

ती पळाली नाही. त्या वयात पळणं म्हणजे दवाखान्याची वाट धरणं. पण कारखान्यात भोंगा झाल्यावर शेवटचा गठ्ठा अडवायला ती ज्या चालीने निघे, त्या चालीने ती निघाली. लोडर ढिगापाशी वळला तेव्हा ती त्याच्या आणि ढिगाच्या मधे होती. समोर लोडरची पिवळी लोखंडी बादली, तिच्या पसरलेल्या हातांहून रुंद. थोरलीने स्वेटरच्या खिशातून खडू काढला आणि बादलीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मग दुसरी.

लोडरवाल्याने तत्क्षणी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली.

"फुली पडली," तो खाली उतरत म्हणाला. "आता माझ्या हातात काही नाही."

"फुली पडली," मुकादमाने मागच्या गवंड्यांना सांगितलं. गवंडी सवयीने खाली बसले.

पत्र्याच्या खोलीतून अध्यक्ष धावत आले. "बाई, हे काय चाललंय? काय ठरलं होतं आपलं?"

"यंत्र नापास आहे," थोरली म्हणाली. "बादलीची कड वाकडी आहे. सरळ झाल्याशिवाय इथे चालवायची नाही."

"लोडरची बादली ती. वाकडी असली म्हणून काय बिघडलं?"

"मग तुमचं घरही वाकडं चालेल का? मुकादम, लिहून... नाही, नुसतं लक्षात ठेवा. अध्यक्षांच्या भिंती वाकड्या चालतील."

तोवर पाखरंबाई चहाचा कप हातात घेऊन येऊन पोचली होती. तिने लोडर पाहिला, फुली पाहिली, अध्यक्षांचा चेहरा पाहिला. काय समजायचं ते समजली आणि काही न विचारता पहिला खांब जमिनीत ठोकायला लागली. तिच्या समजूतदारपणाचं थोरलीला कौतुक वाटलं. खांब मात्र वाकडा ठोकला होता. तो तिने उपटून पुन्हा ठोकायला लावला.

त्याच दुपारी तोडगा निघाला, आणि तो काढला मुकादमाने. पुढचा जिना आधी पुरा करायचा. त्याला लागणारी वाळू बाहेरून आणून फाटकाशी टाकायची. मागच्या जिन्याचा पाया पाकोळ्यांची पिल्लं उडाल्यावर. पाखरंबाईने त्यात आपलं एक कलम घातलं. नदीच्या टोकाला स्कूटरसाठी शेड होणार होती, तिथे शेडऐवजी पाकोळ्यांसाठी वाळूची कायमची भिंत, आणि ती काकूंच्या देखरेखीखाली.

"फाटकाशी ढीग टाकेन तो उतरता टाकेन," मुकादम थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला. "पसरट, घरंगळलेला. तुमच्या पाया पडतो काकू, त्याच्याकडे बघू नका."

"नाही बघत," थोरली म्हणाली. तिला ते फार जड गेलं. पुढचे कितीतरी दिवस ती फाटकातून मान वळवून आत येई.

"मी आता व्याह्यांना काय तोंड दाखवू?" अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले होते.

"रोजचंच दाखवा," थोरली म्हणाली. "सवय झाली असेल त्यांना."

पण तिला स्वतःला तोंड दाखवायचं होतं धाकटीला, आणि तिथे विनोद सुचत नव्हता. ती घरी आली तेव्हा धाकटी शेगडीशी उभी होती. मिठाचा डबा हिरव्या गोलात उभा होता.

"धाकटे, जरा लांबलं गं."

"किती?"

"पिल्लं उडेपर्यंत. मग पाया. मग भिंती, मग गिलावा..."

"कोणाची पिल्लं?"

थोरलीने सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, कारण गाळायचं कुठून हेच तिला कळेना. धाकटी हातात डाव घेऊन ऐकत राहिली. मग तिने सावकाश गोळाबेरीज केली.

"म्हणजे वाळू सरळ करायला तुम्ही लावली. पाखरं आली ती तुमच्यामुळे. पडत होती ती भिंत तुम्ही वाचवली. आणि राहणार माझ्याकडे."

"मुद्दा बरोबर आहे," वर्तमानपत्रामागून दीर म्हणाले. कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

धाकटी पुन्हा शेगडीकडे वळली. रात्रीचं जेवण मात्र चवीला अगदी नेमकं झालं होतं. तेच सगळ्यात भीतीदायक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खुर्ची उचलायला गेली तर धाकटी चपला घालून दारात उभी.

"बघू तरी," ती म्हणाली, "कोणासाठी माझं स्वयंपाकघर अडलंय ते."

दोघी ढिगासमोर दोरीच्या अलीकडे बसल्या. बराच वेळ धाकटी हाताची घडी घालून, कोर्टात बसल्यासारखी बसली होती. भिंतीच्या वरच्या अंगाला दोन पाकोळ्या एकाच भोकाच्या तोंडाशी लोंबकळत होत्या. एक आत जाऊ बघे, दुसरी तिला पंखाने ढकले. मग दुसरी आत डोकं घाली, पहिली तिची शेपटी ओढे. आरडाओरडा चाललेला.

धाकटी पुढे झुकली. "ती उजवीकडची आधीपासूनची आहे हो. ही डावीकडची घुसतेय बघा."

"ती डावीकडची थोरली असेल," थोरली म्हणाली.

"ते दिसतंच आहे."

"आणि उजवीकडचीने भोकाला हिरवा रंग लावलाय का, बघ बरं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. आधी तिच्या नाकपुड्या हलल्या, मग खांदे, आणि मग ती अशी हसली की पाकोळ्या भांडण सोडून नदीकडे उडाल्या. थोरलीला छत्री सावरता येईना. मुकादम दुरून बघत होता. एक काकू पुरेशा नव्हत्या का, असा भाव त्याच्या तोंडावर होता.

त्याचा अंदाज खरा ठरला. दुसऱ्या दिवसापासून दोन खुर्च्या येऊ लागल्या. धाकटी थोरलीच्या वरताण निघाली. मजूर मोठ्याने बोलले की ती त्यांना दटावी, एक मांजर तिने हातातल्या पिशवीने पार रस्त्यापलीकडे पिटाळलं, आणि पुढच्या जिन्यातली मंडळी बघायला आली की ती त्यांना रांगेत उभं करी. घरी डबा तसाच फिरत राहिला. पण आता दोघी तो हलवताना एकमेकींकडे बघत, आणि दिरांना मात्र काहीतरी बदललंय एवढंच कळे.

पिल्लं उडू लागली ती एकेक करून. उन्हाळा सरत आला तेव्हा एके सकाळी सगळ्या पाकोळ्या तारेवर ओळीने बसल्या होत्या, आणि दुपारी तार रिकामी होती. पाखरंबाईने दुर्बिणीने एकेक भोक पाहिलं आणि मान हलवली. लोडरवाल्याने लोडर सुरू केला, पण मुकादमाने हात वर करून त्याला जरा थांबवलं. थोरली ढिगासमोर उभी होती. खूप वर्षांपूर्वी राहून गेलेलं एक काम उरकल्यासारखं तिने नदीच्या दिशेला छत्री किंचित उचलली आणि बाजूला झाली.

पुढचा हिवाळा थोरलीने धाकटीकडेच काढला. मागच्या जिन्याचा पाया झाला, भिंती झाल्या, फुल्या झाल्या, मोडून झाल्या. अध्यक्षांनी म्हणे शेवटी शेवटी व्याह्यांशी पत्ते खेळायला सुरुवात केली होती आणि निघताना व्याह्यांचेच डोळे भरून आले. नदीच्या टोकाची वाळूची भिंत लोडरवाल्याने थोरलीच्या डोळ्यांदेखत कापली. पाखरंबाई श्वास रोखून उभी होती. थोरलीने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली आणि खडू खिशातून काढलाच नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

घर हातात आलं ते पुन्हा उन्हं तापू लागली तेव्हा. स्वयंपाकघर अगदी हवं तसं झालं होतं. शेगडीसमोर खिडकी, खिडकीतून वाळूची भिंत. थोरलीने पहिल्या दिवशी मिठाचा डबा डावीकडे ठेवला आणि कितीतरी वेळ नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. डबा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने पाहिलं तर तेव्हाही तिथेच. तिला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

भिंत रिकामी होती. पाखरंबाईचा रोज फोन येई. धाकटी रोज सकाळी येऊन खिडकीशी बसे. म्हणायला पाकोळ्या बघायला, पण चहात साखर जास्त पडली, पडदा आखूड झाला, नळ ठिबकतो, हे सगळं ती भिंतीकडे न बघता सांगे.

"रोज कशाला तंगडतोड करतेस? आल्या की कळवीन तुला," थोरली म्हणाली.

"तुमच्या नजरेचा काय भरवसा? उंदीर म्हणून फुली माराल."

थोरली उत्तर द्यायला वळली, तोच भिंतीच्या वरच्या अंगाला वाळूचा एक बारीक फवारा उडाला. मग दुसरा. दोघी खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. एक शेपूट बाहेर आलं, मग मातकट पाठ, मग गळ्याचा मफलर. शेजारीच दुसरीने खणायला घेतलं, आणि पहिलीने तिला लगेच ढकललं.

"आली गं," थोरली म्हणाली.

"दोघी आल्या," धाकटी म्हणाली. ती नाक पुसत शेगडीकडे गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि जाता जाता मिठाचा डबा उचलून उजवीकडे ठेवला.

थोरलीने ते पाहिलं. तिने खिशातला खडू चाचपला. मग खडू खिशातच राहू दिला आणि खिडकीशी दुसरी खुर्ची ओढली.